ओळखीची वजाबाकी

मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकमधल्या धर्मस्थळांच्या यात्रेला निघालेल्या एका जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तिथून यात्रेकरूंना चुकवून मोसुलकडे निघून गेले. पुढच्याच महिन्यात इस्लामिक स्टेटने, म्हणजे आयसिसने, मोसुल जिंकलं आणि खिलाफतीची घोषणा केली. नोव्हेंबरात त्या चौघांपैकी एक जण परत आला आणि एनआयएच्या ताब्यात गेला. त्या काळात लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या आवारात, चहाच्या टपरीवर एकच प्रश्न ऐकू येत होता: शिकलेली पोरं, खाऊनपिऊन सुखी घरं, मग यांना कमी काय होतं?

हा प्रश्न आपण उत्तरासाठी विचारत नाही. हळहळ किंवा संताप मोकळा करण्यासाठी विचारतो. मला तो शब्दशः घ्यावासा वाटतो, कारण अतिरेकी संघटनांसाठी माणसं गोळा करणारे तो तसाच घेतात. समोरच्या मुलाला नेमकं काय कमी आहे हे हुडकून काढणं, इथून त्यांचं काम सुरू होतं. ती उणीव बहुतेक वेळा पैशाची नसते आणि धर्मज्ञानाचीही नसते. ‘मी कोण?’ या प्रश्नाचं घरातून, शाळेतून, गल्लीतून मिळालेलं उत्तर त्या मुलाला पुरेनासं झालेलं असतं, ती ही उणीव.

तरुण वयातल्या या गोंधळाला ज्याने मानसशास्त्रात मानाची जागा मिळवून दिली, तो एरिक एरिकसन स्वतः त्यातून गेलेला होता. आई डॅनिश ज्यू. जन्मदाता कोण ते त्याला आयुष्यभर कळलं नाही. जर्मनीत वाढताना सिनेगॉगमधली मुलं सोनेरी केसांमुळे त्याला परका समजत आणि शाळेतली मुलं ज्यू म्हणून चिडवत. अमेरिकेत गेल्यावर त्याने आपलं आडनावसुद्धा स्वतःच घडवलं. (गांधीजींवरच्या पुस्तकाच्या कामासाठी तो अहमदाबादला आला होता, आपले मनोविश्लेषक सुधीर कक्कर त्याच्याशी जोडले गेले ते तिथेच.) एरिकसनचं म्हणणं असं, की या वयात माणसाला एक मोकळा काळ लागतो. वेगवेगळ्या भूमिका करून पाहायच्या, चुकायचं, सोडून द्यायचं, पुन्हा काही धरायचं, यासाठीचा. तो मिळाला नाही, किंवा त्यात माणूस अडकूनच पडला, तर काही मुलं अर्धवट, डळमळीत ओळखीपेक्षा पूर्ण काळी ओळख पत्करतात. कोणीच नसण्यापेक्षा, सगळ्यांना धडकी भरवणारा कोणीतरी असणं त्यांना सोसवतं.

आपल्याकडे हा मोकळा काळ कसा जातो ते पाहा. दहावी-बारावीपर्यंत मुलाची ओळख म्हणजे त्याचे टक्के. पुढे नीट, जेईई, सीईटी. पदवीनंतर हजारो मुलं पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देत राहतात. गावी कोणी विचारलं, ‘काय करतोस?’ तर उत्तर ठरलेलं: ‘तयारी.’ अभ्यासिका, मेस, खोली. चार-चार, पाच-पाच वर्षं हीच ओळख. लग्नकार्याला जाणंही नकोसं होतं, कारण तिथे तोच प्रश्न येतो. ही मुलं अतिरेकी होतात असं मी मुळीच म्हणत नाही. जवळपास कोणीच होत नाही. पण माणसाला आपली किंमत सतत सिद्ध करावी लागते, अशी वर्षं आपण आपल्या मुलांच्या आयुष्यात फार वाढवून ठेवली आहेत. त्या वर्षांत निकाल न विचारणारी जागा उरते ती हातातल्या फोनमध्ये. तिथे कोण वाट पाहत बसलं आहे, हा पुढचा प्रश्न.

इराकमधल्या अल कायदाच्या ज्या गटातून पुढे आयसिस उभी राहिली, त्या गटाची भरतीविषयीची एक पुस्तिका अमेरिकी सैन्याच्या हाती लागली होती. तिच्यातला सल्ला वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात हिंसेचं नाव नाही. हेरलेल्या माणसाबरोबर जास्तीत जास्त वेळ घालवा. त्याचं बोलणं लक्ष देऊन ऐका. त्याच्या सुखदुःखात वाटेकरी व्हा. धर्माच्या प्राथमिक गोष्टींपासून सुरुवात करा, जिहादचा विषय सुरुवातीला काढू नका. एखाद्या चांगल्या समुपदेशकाला किंवा वर्गशिक्षकाला आपण हेच सांगू. फरक इतकाच, की शिक्षकाच्या वर्गात साठ मुलं असतात, आणि या माणसाकडे त्या एका मुलासाठी रात्रच्या रात्र मोकळी असते.

ही रात्र कशी दिसते याचं सगळ्यात तपशीलवार चित्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जून २०१५ मध्ये छापलं. वॉशिंग्टन राज्याच्या ग्रामीण भागात आजी-आजोबांकडे राहणारी तेवीस वर्षांची एक मुलगी. चर्चच्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची, लोकांची मुलं सांभाळायची. ऑगस्ट २०१४ मध्ये जेम्स फोली या अमेरिकी पत्रकाराच्या आयसिसने केलेल्या हत्येची बातमी पाहून ती हादरली आणि असं करणारी माणसं असतात तरी कशी, हे जाणून घ्यायला ट्विटरवर गेली. तिथे तिने प्रश्न विचारले आणि तिला उत्तरं मिळाली. उत्तरं सौम्य होती, सभ्य होती, तत्पर होती. फैसल या नावाने ब्रिटनमधून बोलणारा एक जण तिच्याशी रोज तासन् तास बोलू लागला. ख्रिस्ती धर्माबद्दल तिच्या मनात ज्या शंका होत्या, त्यांवर तो न कंटाळता चर्चा करी. पुढे टपालाने पार्सलं येऊ लागली: पुस्तकं, नमाजाची चटई, डोक्याला बांधायचे रुमाल, आणि सोबत चॉकलेटं. काही महिन्यांत तिने ऑनलाइनच इस्लाम स्वीकारला. तेव्हा तिला सांगण्यात आलं, की ही गोष्ट घरच्यांपासूनसुद्धा लपवून ठेव.

या शेवटच्या सूचनेवर थांबायला हवं. तिच्या गावापासून थोड्याच अंतरावर मशीद होती. ज्याला खरोखर एखाद्या माणसाला धर्मात आणायचं आहे तो त्याला आधी माणसांत नेईल. मशिदीत नेईल, एखाद्या कुटुंबाशी जोडून देईल, सणाला जेवायला बोलावील. इथे नेमकं उलटं होत होतं. तिला आजीपासून, चर्चमधल्या मैत्रिणींपासून, आणि जवळच्या खऱ्याखुऱ्या मुसलमानांपासूनही अलग ठेवलं जात होतं. भरतीचा गाभा मला इथे दिसतो. नवी ओळख देणं हा तिचा दिसणारा भाग आहे. खरं काम चालतं ते जुन्या ओळखी एकेक करून वजा करण्याचं. कोणाची नात, कोणाची मैत्रीण, कोणत्या तरी गावची, कोणत्या तरी गाण्याची चाहती, कसल्या तरी खेळाची शौकीन असं जे एका माणसात एकाच वेळी नांदत असतं, त्यातलं एकच उरवायचं आणि बाकी सगळं दुय्यम, मग खोटं, मग पाप ठरवायचं. अमर्त्य सेन यांनी २००६ साली ‘आयडेंटिटी अँड व्हायोलन्स’मध्ये हिंसेचं मूळ या एकेरी ओळखीत दाखवलं होतं. फाळणीपूर्वीच्या ढाक्यात लहानपणी त्यांच्या दारात एक जखमी मुसलमान मजूर येऊन कोसळला होता. दंगल चालू असताना, घरात खायला काही नाही म्हणून तो हिंदू वस्तीत कामाला आला होता. मारणाऱ्यांना तो मजूर दिसला नाही, भुकेल्या पोरांचा बाप दिसला नाही. एकच गोष्ट दिसली. सेन सांगतात ती मारणाऱ्याच्या नजरेतली वजाबाकी. भरती करणारा तीच वजाबाकी आधी स्वतःच्या माणसावर करतो. ज्याने स्वतःतलं बाकी सगळं पुसून टाकलं आहे, त्याला समोरच्यातलं पुसणं जड जात नाही.

हे काम करणारे लोक कसे असतात याबद्दल आपल्या मनात एक ठरावीक चित्र असतं: गुहेत बसलेला, दाढीवाला, कावेबाज. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’ने ट्विटरवरच्या ‘शामी विटनेस’ या आयसिसधार्जिण्या खात्यामागचा माणूस शोधून काढला, तेव्हा तो बंगळुरूत एका कंपनीत नोकरी करणारा विशीतला तरुण निघाला. सतरा हजारांवर अनुयायी, आणि त्यांत सीरियात लढायला गेलेल्या परदेशी तरुणांचा मोठा भरणा. हाच तरुण फेसबुकवर मित्रांबरोबरच्या पिझ्झाचे आणि ऑफिसातल्या पार्ट्यांचे फोटो टाकत होता, सुपरहिरोंच्या सिनेमांबद्दल लिहीत होता. तो स्वतः सीरियाला गेला नाही. घरची जबाबदारी आहे, असं कारण त्याने दिलं. दिवसा कंपनीतला एक कर्मचारी आणि रात्री हजारो लोक ज्याच्या शब्दाची वाट पाहतात असा भाष्यकार. ओळखीची भूक फक्त भरती होणाऱ्याला नसते. भरती करणाराही तिच्यावरच चालत असतो. जे. एम. बर्जर आणि जोनाथन मॉर्गन यांनी ब्रुकिंग्ज संस्थेसाठी केलेल्या अभ्यासात २०१४ च्या अखेरीस आयसिसची पाठराखण करणारी किमान ४६,००० ट्विटर खाती असावीत असा अंदाज निघाला, पण आवाज बहुतांशी ५०० ते २,००० अति उत्साही खात्यांचा होता. एवढीशी माणसं एक अख्खी दुनिया उभी केल्याचा भास निर्माण करू शकली. पंधरा वर्षांच्या मुलीला लंडनमधल्या तिच्या खोलीत वाटू शकलं, की सगळं जग तिकडेच निघालं आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या एकाच शाळेतल्या तीन मुली सीरियाला निघून गेल्या. तिघी मैत्रिणी होत्या. एकीला दुसरीची सोबत होती, आणि त्यांच्या आधी त्यांची आणखी एक मैत्रीण गेलेली होती.

यात धर्माचा वाटा किती, यावरून फ्रान्समध्ये ओलिव्हिए रुवा आणि जिल केपेल या दोन अभ्यासकांत मोठा वाद झाला. रुवा म्हणतात, ही मुळात पिढीची बंडखोरी आहे, तिने इस्लामचं कातडं पांघरलं आहे. केपेल म्हणतात, सलफी विचारांचा प्रसार नजरेआड करून काही समजणार नाही. मला केपेल यांचा मुद्दा नाकारावासा वाटत नाही. विचार महत्त्वाचा असतोच, कारण कोणाला मारायचं ते तोच ठरवतो. पण बहुतेक मुलांच्या बाबतीत तो नंतर येतो. आधी सोबत येते. आणि हे पटवून घ्यायचं असेल तर दुसऱ्या टोकाकडे पाहावं, कारण तिथे धर्मग्रंथ वेगळा आहे, शत्रू वेगळा आहे, पण रीत तीच आहे.

‘डेली स्टॉर्मर’ या अमेरिकी नवनाझी संकेतस्थळाची लेखकांसाठीची नियमावली २०१७ मध्ये बाहेर फुटली. चालक अँड्र्यू अँग्लिन याची त्यातली एक सूचना अशी, की नवख्या वाचकाला आपण गंमत करतोय की गंभीर आहोत हे कळता कामा नये. अल कायदाची पुस्तिका सौजन्य वापरते, ही नियमावली विनोद वापरते. दोन्ही ठिकाणी हेतू एकच: मुलाने पहिलं पाऊल टाकताना आपण काही टाकतोय असं त्याला वाटूच नये. मीम पाहून हसलेल्या मुलाला कोणी हटकलं तर तो म्हणतो, ‘अहो, गंमत आहे.’ हटकणारा मागासलेला ठरतो, हसणारे एका टोळीचे होतात. चार महिन्यांनी तेच मीम तो स्वतः बनवू लागतो, त्याला शाबासकी मिळते, आणि गंमत कुठे संपली ते त्याचं त्यालाच सांगता येत नाही.

आपल्याकडे हे घडलं ते १ जानेवारी २०२२ ला. ‘बुल्ली बाई’ या ॲपवर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो चोरून लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडण्यात आला. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, बोलणाऱ्या बायका. त्याआधी जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाने हाच प्रकार झाला होता आणि कोणालाही अटक झाली नव्हती. या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने हात घातला तेव्हा समोर आलेले पहिले आरोपी अठरा ते एकवीस वर्षांचे होते. बंगळुरूतला अभियांत्रिकीचा विद्यार्थी, उत्तराखंडमधली अठरा वर्षांची मुलगी. दिल्ली पोलिसांनी आसाममधून पकडलेला तरुणही अभियांत्रिकीचाच विद्यार्थी. त्यानंतरच्या वार्तांकनातून स्वतःला ‘ट्रॅड’ म्हणवणाऱ्या तरुणांचं एक जग बाहेर आलं. मुख्य प्रवाहातले हिंदुत्ववादीसुद्धा ज्यांना मवाळ वाटतात आणि त्यांच्यासाठी ज्यांनी हेटाळणीचा वेगळा शब्द तयार केला आहे, असे हे तरुण. अमेरिकेतल्या उजव्या टोकाच्या मंचांवरच्या मीममधला बेडूक उचलून त्याला भगवं नेसवलेलं, भाषा तिकडचीच, द्वेषाचे विषय इकडचे: मुसलमान, दलित, बोलणाऱ्या स्त्रिया. यांतले बरेच जण एकमेकांना खऱ्या नावाने ओळखतही नव्हते. त्यांना कोणी शाखेत नेलं नव्हतं, बौद्धिक दिलं नव्हतं. परंपरेचं नाव घेणाऱ्या या मुलांची परंपरा आजीकडून आलेली नव्हती, देवळातून आलेली नव्हती. इंग्रजी इंटरनेटवरून आलेली होती. वॉशिंग्टनच्या मुलीला जसं शेजारच्या मशिदीपासून दूर ठेवलं गेलं, तशीच ही मुलं आपल्याच घरातल्या जुन्या, सैल, अनेकपदरी हिंदूपणापासून तुटलेली होती.

न्यूयॉर्क राज्यात बफेलोला १४ मे २०२२ रोजी एका अठरा वर्षांच्या मुलाने सुपरमार्केटमध्ये दहा कृष्णवर्णीयांना ठार मारलं. कोविडच्या काळात कंटाळा आला म्हणून आपण अशा टोकाच्या मंचांवर जाऊ लागलो, असं त्याने लिहून ठेवलं होतं. त्याच्याशी रात्र रात्र बोलणारा कोणी फैसल नव्हता. त्याच्यापुढे मार्च २०१९ च्या ख्राइस्टचर्चच्या हल्लेखोराचा नमुना होता, ज्याने ५१ माणसं मारली आणि मारताना सतरा मिनिटं फेसबुकवरून थेट दाखवलं. पहिल्या चोवीस तासांत फेसबुकला त्या चित्रीकरणाच्या पंधरा लाख प्रती हटवाव्या किंवा अडवाव्या लागल्या. त्या प्रती कोणत्याही एका संघटनेने टाकलेल्या नव्हत्या. म्हणजे भरती करणारा माणूस आता अनेकदा दिसतच नाही. त्याची जागा वातावरणाने घेतली आहे, आणि वातावरणाला अटक करता येत नाही. ब्रिटनच्या एमआय-फाइव्ह या गुप्तचर संस्थेच्या प्रमुखांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं, की दहशतवादी कृत्यांबाबत ते ज्यांची चौकशी करत आहेत, त्यांतले १३ टक्के अठरा वर्षांखालचे आहेत.

वातावरण इतकं सहज काम कसं करतं, याचं उत्तर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ब्रिस्टलमध्ये मिळालेलं आहे. तिथला मानसशास्त्रज्ञ हेन्री ताइफेल हा पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या कैदेत राहिला म्हणून वाचला, परत आला तेव्हा घरचं कोणी उरलं नव्हतं. माणसं ‘आपण’ आणि ‘ते’ यांत कशामुळे वाटली जातात, याचा शोध त्याने आयुष्यभर घेतला. एका प्रयोगात त्याने चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना क्ली आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार गट पाडल्याचं सांगितलं. खरं म्हणजे वाटणी निव्वळ योगायोगाने केली होती. कोणाच्या गटात कोण, हेही मुलांना माहीत नव्हतं. मग त्यांना दुसऱ्या मुलांमध्ये थोडे पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, इथपर्यंत ठीक. पण आपल्या गटाला जास्तीत जास्त पैसे मिळतील असा पर्याय आणि पैसे थोडे कमी, पण समोरच्या गटापेक्षा फरक जास्त असा पर्याय, यांत अनेकांनी दुसरा निवडला. स्वतःच्या गटाचं नुकसान सोसून फरक राखला. द्वेषाला इतिहास लागतो असं आपण समजतो; या मुलांना एका चित्रकाराचं नाव पुरलं.

आपल्याकडे तर चित्रकाराच्या नावावर भागवायची गरजच नाही, आपल्याकडे इतिहास भरपूर आहे आणि तो खिशात मावतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही मुलांनी टिपू-औरंगजेबाविषयीची आक्षेपार्ह व्हॉट्सॲप स्टेटस ठेवली. त्यांत अल्पवयीन मुलं होती. ७ जूनला बंदची हाक दिली गेली, शिवाजी चौकात तरुणांचा जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडावा लागला, इंटरनेट बंद झालं. शाहू महाराजांच्या गावात. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसलं जातं. ते ठेवणाऱ्या मुलाला टिपू किंवा औरंगजेबाबद्दल फारसं काही माहीत असेल असं मला वाटत नाही, आणि चौकात दगड घेऊन उभ्या असलेल्या मुलाला शिवाजी महाराजांबद्दल त्याहून फार जास्त माहीत असेल असंही वाटत नाही. दोघांनाही त्या दिवशी ‘मी कोण’ याचं एक झणझणीत उत्तर मिळालं होतं. नऊ वर्षांपूर्वी, जून २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसरमध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून रस्त्यावर उतरलेल्या टोळक्याने आयटी कंपनीतल्या एका तरुणाला ठार मारलं. त्याचा त्या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता.

यावर तयार उत्तर असतं: अल्गोरिदम. त्यात तथ्य आहे. फेसबुकच्याच २०१६ मधल्या एका अंतर्गत सादरीकरणात म्हटलं होतं, की अतिरेकी गटांत सामील होणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोक आमच्या शिफारशींमुळे सामील होतात. ही गोष्ट २०२० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने उघड केली तोवर कंपनीने ती जगाला सांगितली नव्हती. याचा जाब तिला द्यावाच लागेल. पण ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी यूट्यूबच्या अमेरिकी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा टोकाच्या वाहिन्या पाहणारे बहुतांश लोक आधीपासूनच मनात राग धरून असलेले निघाले. निष्पाप प्रेक्षकाला यंत्राने फरफटत नेल्याची उदाहरणं फार थोडी होती. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर चित्र असं दिसतं, की राग यंत्र निर्माण करत नाही. रागावलेल्यांची गाठ घालून देतं. पूर्वी गावातला असा एकटा मुलगा एकटाच राहायचा, आणि बहुतेकदा वयाबरोबर निवळायचा. आता त्याला रात्री दोन वाजता त्याच्यासारखे चारशे जण मिळतात.

म्हणून ‘मोबाइल काढून घ्या’ हा उपाय मला अपुरा वाटतो. वॉशिंग्टनच्या मुलीच्या आजीला सगळा प्रकार कळला, तेव्हा तिने फैसलला स्काइपवर गाठून खडसावलं. त्याने पुन्हा संपर्क करणार नाही असं कबूल केलं. मुलीनेही आपल्या खात्यांचे पासवर्ड घरच्यांना देऊन टाकले. काही दिवसांत दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आजीने माणूस तोडला होता, एकटेपण तसंच राहिलं होतं.

डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यात अकरावीतली एक सोळा वर्षांची मुलगी अशाच संपर्कात असल्याचं महाराष्ट्र एटीएसच्या लक्षात आलं. आयसिसवरचा एक माहितीपट पाहून तिचं कुतूहल जागं झालं होतं. एटीएसने तिच्यावर गुन्हा दाखल केला नाही. घरच्यांना आणि धर्माच्या जाणकारांना बरोबर घेऊन समुपदेशन केलं. पोलिसांच्या अनेक गोष्टींवर टीका करावी लागते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो: त्या अधिकाऱ्यांनी तिला आरोपी ठरवण्याआधी मुलगी मानलं. पण समाज म्हणून आपण उलटं वागतो. अशी एक बातमी आली की वस्तीतल्या सगळ्या मुलांकडे बोट जातं, त्या आडनावाच्या मुलाला घर भाड्याने मिळत नाही, वर्गात कोणीतरी ‘काय रे, सीरियाला कधी?’ असं विचारतं. भरती करणारा त्या मुलाला वर्षभर जे सांगत असतो, ते आपण एका वाक्यात खरं करून दाखवतो.

परतीच्या वाटेचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. डेरेक ब्लॅक यांचे वडील डॉन ब्लॅक हे कू क्लक्स क्लॅनचे माजी प्रमुख. त्यांनी नव्वदच्या दशकात ‘स्टॉर्मफ्रंट’ हे गोऱ्या वंशश्रेष्ठत्ववाद्यांचं सुरुवातीचं मोठं संकेतस्थळ सुरू केलं. डेरेक यांनी लहान वयातच त्यावर मुलांसाठीचं पान चालवलं. पुढे फ्लोरिडातल्या न्यू कॉलेजात शिकायला गेल्यावर २०११ मध्ये सहाध्यायांना त्यांची खरी ओळख कळली. कॉलेजात गदारोळ झाला, बहुतेकांनी बोलणं टाकलं. मॅथ्यू स्टीव्हन्सन या ज्यू विद्यार्थ्याने त्यांना दर शुक्रवारच्या सब्बाथच्या जेवणाला बोलवायला सुरुवात केली. सुरुवातीला राजकारणाचा विषयच निघायचा नाही. दोन वर्षं ही जेवणं चालली, हळूहळू वाद झाले, आकडे आणि अभ्यास समोर आले, आणि २०१३ मध्ये डेरेक यांनी जाहीर पत्र लिहून ती चळवळ सोडली. ही कहाणी प्रेमाने द्वेष जिंकल्याची म्हणून सांगितली जाते. डेरेक यांनी स्वतः मात्र असंही सांगितलं आहे, की कॉलेजातला तो संताप आणि बहिष्कार झाला नसता, तर आपल्या विचारांनी लोकांना इजा होते हे लक्षातच आलं नसतं. ठाम नकार आणि जेवणाचं आमंत्रण, दोन्ही लागलं. एकाच माणसाला दोन्ही करावं लागलं नाही, हेही महत्त्वाचं. ज्यांना इजा झाली होती त्यांच्यावर समजूत काढण्याचं ओझं कोणी टाकलं नाही. स्टीव्हन्सनने ते स्वतःहून घेतलं.

आणि सोडण्याची किंमत मोठी होती. आई-वडील, बालपणीचे सगळे स्नेही, ज्या नावाने जग ओळखत होतं ते नाव, सगळं एका पत्राने दुरावलं. जर्मनीत २००० साली माजी पोलिस अधिकारी बर्न्ड वागनर आणि नवनाझी चळवळीतून बाहेर पडलेला इंगो हासेलबाख यांनी ‘एक्झिट-जर्मनी’ सुरू केली, ती अशाच माणसांना नव्याने उभं राहायला मदत करण्यासाठी. आपल्याकडे मोसुलहून परतलेला, किंवा त्या ॲपच्या प्रकरणात जामिनावर सुटलेला, किंवा कोल्हापूरच्या त्या चौकातून बालन्याय मंडळापुढे गेलेला मुलगा उद्या सुधारायचं म्हणाला, तर कोणतं कॉलेज त्याला प्रवेश देणार आहे, कोणता मालक कामावर ठेवणार आहे, कोणती सोसायटी त्याच्या घरच्यांना भाड्याने जागा देणार आहे, आणि त्याला शुक्रवारी जेवायला कोण बोलावणार आहे, याची चर्चा अजून ना आपल्या विधानसभेत झाली आहे, ना आपल्या सोसायटीच्या सभेत.